मेदेस बेटांभोवती अर्धा दिवस

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेपासून खाली उतरणारा कातालोनियाचा किनारा ‘कोस्ता ब्रावा’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘रांगडा किनारा’ असा या नावाचा अर्थ होतो. फेरान अगुयो या पत्रकाराने १९०८ साली ते वापरले आणि पुढे तेच रूढ झाले. आज या किनाऱ्याच्या काही भागांत हॉटेलांची इतकी दाटी झाली आहे की रांगडेपणा शोधावा लागतो. तो सापडण्याची एक खात्रीची जागा म्हणजे लेस्तारतित हे लहानसे बंदर आणि त्याच्यासमोर जेमतेम एक किलोमीटरवर समुद्रातून वर आलेली मेदेस बेटे. बेटे सात आहेत. सगळी मिळूनही एखाद्या मोठ्या शेतमळ्याएवढी. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर दीपस्तंभ आहे. वस्ती मात्र एकाही बेटावर नाही आणि तेथे उतरण्यास प्रवाशाला परवानगीही नाही.

बार्सिलोनाहून जलद रेल्वेने जिरोना शहर सुमारे चाळीस मिनिटांत येते. लेस्तारतितला रेल्वे नाही. पुढचा रस्ता बसने किंवा मोटारीने कापावा लागतो. वाटेत तोरोएया दे मोंग्री हे जुने गाव लागते. त्याच्या डोक्यावर, सुमारे तीनशे मीटर उंचीच्या बोडक्या डोंगरावर, एक चौकोनी किल्ला उभा आहे. आरागॉनचा राजा दुसरा जाउमे याच्या आज्ञेने १२९४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १३०१ मध्ये ते अर्ध्यावर थांबले. बाहेरून हा किल्ला पूर्ण दिसतो. आत केवळ आकाश आहे. समुद्रावरून बंदराकडे परतणारे नावाडी आजही त्याचीच खूण धरतात.

अर्ध्या दिवसाच्या सफरीसाठी येथे शिडाच्या नौका मिळतात. बारापेक्षा अधिक उतारू नेणारी नौका कायद्याने प्रवासी जहाज ठरते आणि तिचे नियम फार कडक असतात. म्हणून अशा सफरीत सहसा दहा-बारा माणसेच असतात. या मर्यादेचा लाभ प्रवाशालाच होतो. मोठ्या पर्यटक बोटीवर ध्वनिक्षेपक चालू असतो; शिडाच्या नौकेवर तांडेल शेजारीच बसून बोलतो आणि ज्याला हौस असेल त्याच्या हाती काही वेळ सुकाणूही देतो.

बंदरातून बाहेर पडताना यंत्र सुरू असते. मोकळे पाणी लागले की शीड वर चढते, यंत्र बंद होते आणि मग जी शांतता पसरते तिच्यासाठीच ही सफर करावी. लाटांचा नौकेच्या अंगावर होणारा आवाज आणि दोरांची किरकिर एवढेच कानी पडते. शीड केवळ वाऱ्याने ढकलले जाते अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात वारा तिरका घेतला की वक्र शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते आणि नौकेला पुढे ओढते. तळाशी असलेली जड पाती तिला आडवे सरकू देत नाही. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात्र कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. त्या दिशेला जायचे असल्यास एकदा डाव्या, एकदा उजव्या अंगाने वळणे घेत जावे लागते. घाटातील रस्ता जसा डोंगर चढतो, तशी ही नौका वारा चढते.

कातालान नावाड्यांनी वाऱ्यांना नावे दिली आहेत आणि ती दिशांपेक्षा स्वभावावरून अधिक ओळखली जातात. त्रामुंताना हा उत्तरेचा, पिरेनीज पर्वतावरून येणारा थंड व कोरडा वारा. तो सुटला की सफरी रद्द होतात. लेवांत पूर्वेचा, ओलसर आणि मोठ्या लाटा आणणारा. गार्बी नैर्ऋत्येचा, उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारी नेमाने येणारा. सकाळच्या सफरीला पाणी शांत असते पण वारा अनेकदा तोकडा पडतो. दुपारच्या सफरीला गार्बी शीड भरून देतो. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर सकाळ बरी. कोकण पाहिलेल्या माणसाला येथे एक गोष्ट विलक्षण वाटते: भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी काही मीटर चढते-उतरते. येथे तो फरक वीतभराचा. त्यामुळे खडकावरची ओली रेघ दिवसभर एकाच जागी दिसते.

नौका उत्तरेकडे वळली की मोंग्री डोंगराचे चुनखडीचे कडे सरळ पाण्यात उतरताना दिसतात. कड्यांच्या कपारीत आलेप्पो पाइन वृक्ष वाकून उभे असतात. मध्येच एखादी अरुंद खाडी, तिच्या तळाशी मूठभर गोटे, आणि पाणी इतके स्वच्छ की नौकेची सावली तळावर पडलेली दिसावी. पुढे फोरादादा नावाचा खडक आहे. समुद्राने त्याच्या पोटातून आरपार बोगदा कोरला आहे. लहान यांत्रिक होड्या त्यातून पलीकडे जातात. उंच डोलकाठीच्या नौकेला मात्र बाहेरूनच दर्शन घेऊन परतावे लागते.

परतीच्या वाटेवर नौका बेटांच्या आडोशाला येते. येथे तांडेल नांगर टाकत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या ठरावीक बोयांपैकी एकीला तो दोर बांधतो. हे पाहणाऱ्यास किरकोळ वाटेल. परंतु या समुद्राची सारी कथा त्या दोरात आहे.

भूमध्य समुद्राच्या उथळ तळावर पोसिडोनिया नावाची वनस्पती वाढते. तिला लोक शेवाळ समजतात. ती खरे तर मूळ, खोड, पाने, फुले असलेली वनस्पती आहे. तिच्या कुरणात मासळीची पिले वाढतात, तिची मुळे वाळू धरून ठेवतात आणि तिच्या पानांमुळे पाणी निवळ राहते. ती आडवी पसरते ती वर्षाला काही सेंटीमीटर. नांगर ओढला गेला की क्षणात जो पट्टा उखडतो, तो भरून येण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. सुटीचे चार तास आनंदात घालवण्यासाठी आलेली माणसे नकळत किती मोडून जाऊ शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

मेदेसच्या बाबतीत ही जाणीव तुलनेने लवकर झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाणबुड्यांची साधने स्वस्त झाली आणि भाल्याने मासे मारणाऱ्यांनी बेटांभोवतीचे मोठे मासे जवळजवळ संपवले. १९८३ मध्ये कातालोनियाच्या सरकारने बेटांलगतच्या पट्ट्यात मासेमारी आणि सजीव काढून नेणे यांवर बंदी घातली. १९९० मध्ये स्वतंत्र कायदा झाला, २०१० मध्ये डोंगर, बेटे आणि तेर नदीच्या मुखाकडील पाणथळ प्रदेश मिळून एक निसर्ग उद्यान झाले. पाण्याखाली जाणाऱ्या पाणबुड्यांची संख्याही येथे मर्यादित ठेवली जाते.

बंदीनंतर येथे कोणी मासे आणून सोडले नाहीत. माणसाने केवळ हात आवरला. काही वर्षांतच मासे परतले. नौका बोयीला बांधल्यावर तोंडावर काच लावून पाण्यात डोके घातले, तरी चंदेरी थवे अगदी जवळून जाताना दिसतात. ते पळत नाहीत. येथील सर्वांत मानाचा रहिवासी म्हणजे ‘मेरो’. कोकणात ज्याला गोब्रा म्हणतात त्याच कुळातील हा तपकिरी, ठिपक्यांचा, मीटरभर वाढणारा मासा. त्याचे आयुष्य पन्नास वर्षांच्या आसपास जाऊ शकते. तो मादी म्हणून जन्मतो आणि बऱ्याच वर्षांनी मोठा झाल्यावर नर होतो. यामुळेच शिकारीचा घाव त्याला दुहेरी बसतो: मोठे मासे मारले की उरतात त्या केवळ लहान माद्या, आणि वंश खुंटतो. आज मेदेसच्या खडकांत मोठे मेरो आपापल्या गुहेच्या तोंडाशी निवांत असतात.

सगळेच इतक्या सहजतेने परतत नाही. शिडाच्या नौकेतून जे दिसत नाही, ते येथे सर्वांत मौल्यवान आहे: पोवळे. भूमध्य समुद्रातील हे लाल पोवळे उन्हापासून दूर, खोल कपारींत आणि गुहांच्या छतांना उलटे लटकून वाढते. त्याची फांदी वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशांनीच जाड होते. अंगठीत बसवण्याजोगा खडा तयार होण्यास अनेक दशके लागतात.

या पोवळ्याचे भारताशी नाते फार जुने आहे. भडोच आणि मलबारच्या बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथातील यादीत पोवळे आहे. रोमन लेखक प्लिनी याने नोंदवले आहे की रोमन लोकांना जितके मोत्यांचे, तितके भारतीयांना पोवळ्याचे मोल वाटते. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नोचे यहुदी व्यापारी पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. मंगळासाठी अंगठीत घातलेला लाल खडा, आजीच्या पेटीतील पोवळ्याची माळ, यांचा उगम शोधत गेल्यास वाट पुष्कळदा याच समुद्रात पोहोचते. कातालोनियाच्या या किनाऱ्यावरही पिढ्यान्‌पिढ्या पोवळे काढणारे होते. लाकडी फुलीला जाळी बांधून ती तळावरून ओढण्याची भूमध्य समुद्रातील जुनी रीत एक फांदी मिळवताना दहा मोडत असे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये ती बंद केली.

पोवळे ही वनस्पती, असे युरोपात दीर्घकाळ मानले जाई. ते प्राण्यांचे वसतिस्थान आहे हे मार्सेयच्या पेसोनेल या वैद्याने १७२० च्या दशकात सांगितले, तेव्हा विद्वानांनी प्रथम त्याला हसण्यावारी नेले. लाल सांगाड्यावर आठ-आठ शुंडकांचे पांढरे इवले जीव राहतात, हे आता निर्विवाद आहे. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त विद्रुम स्फटिक-रत्नांबरोबर पृथ्वीकायिक जीवांत गणलेले आहे. आधुनिक शास्त्राची वर्गवारी निराळी; पण पोवळे हा जडखडा नव्हे, एवढ्यापुरते दोघांचे एकमत आहे. दुर्दैवाने मेदेसच्या संरक्षित पाण्यातही पोवळ्याची चोरटी तोड झाल्याचे संशोधकांना आढळले आहे. मेरो परतला, पोवळे अजून परतीच्या वाटेवर आहे.

आता त्याच्यापुढे दुसरे संकट उभे आहे. लेस्तारतितचे हवामान निरीक्षक जोसेप पास्कुआल यांनी १९७० च्या दशकापासून लहान होडीतून बेटांजवळ जाऊन पृष्ठभागावर आणि २०, ५०, ८० मीटर खोलीवर पाण्याचे तापमान नियमाने मोजले. एका माणसाच्या चिकाटीतून उभी राहिलेली ही नोंदमालिका भूमध्य समुद्रातील अत्यंत मोलाच्या मालिकांपैकी एक ठरली आहे. पृष्ठभागाचे पाणी या काळात एक अंशाहून अधिक तापले, असे ती सांगते. एक अंश हा नौकेवरून पाण्यात उडी मारणाऱ्याला कळतही नाही. कपारीत जखडलेल्या जीवाला तो कळतो. उष्ण उन्हाळ्यांत लाल-जांभळ्या पंखांसारख्या गोर्गोनिया मोठ्या संख्येने मरतात. २००८ च्या डिसेंबरात पूर्वेकडून आलेल्या प्रचंड वादळानेही खडकांवरील वस्ती खरवडून नेली होती. परंतु वादळ ओसरते. मासेमारी कायद्याने थांबली, नांगर बोयीने थांबला. तापणाऱ्या पाण्यासाठी बोया नाही.

खाण्याविषयी थोडे. बहुतेक सफरींत हलका फराळ दिला जातो आणि त्यात मांस, लोणच्यातील अँचोव्ही मासळी व मद्य सर्रास असते. नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावे. ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरत नाही, कारण अंडे, क्वचित ट्यूना मासाही त्यात खपवला जातो. ‘तोर्तिया’ हा प्रसिद्ध पदार्थ अंडी-बटाट्याचा असतो. टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव हा येथील घरगुती पदार्थ जैन कुटुंबाला चालण्यासारखा आहे. फक्त लसूण चोळू नये असे आधी सांगावे लागते. ऑलिव्ह, बदाम, पीच, कलिंगड मुबलक मिळते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांना दुपारच्या सफरीनंतरही घाई करावी लागत नाही.

दोर सोडून नौका बंदराकडे निघते, तेव्हा बहुधा गार्बी चांगला भरलेला असतो. पिवळ्या पायांच्या कुरव पक्ष्यांची हजारो जोडपी या बेटांवर घरटी करतात. वसंतात त्यांचा कलकलाट बंदरापर्यंत ऐकू येतो. नौका एका अंगावर झुकते, नवखे प्रवासी कठडा घट्ट धरतात, आणि तांडेल डोंगरावरील त्या अपुऱ्या किल्ल्याकडे पाहत सुकाणू बोटभर फिरवतो. धक्क्याजवळ शीड उतरते, यंत्र पुन्हा सुरू होते. बोयीवर तोवर दुसऱ्या नौकेचा दोर पडलेला असतो.