न लावलेली झाडे

जयपूरहून पश्चिमेला जोबनेर आणि फुलेराकडे निघाले की पौष-माघात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरीची पिवळी शेते लागतात आणि त्या शेतांत मध्येच, कोणत्याही रांगेत न बसणारी, पाला उतरवलेली झाडे उभी दिसतात. नुसते खोड आणि आखूड फांद्यांची खुंटे. अनोळखी माणसाला ती वठलेली वाटतील. प्रत्यक्षात ती जिवंत असतात. नुकताच त्यांचा वर्षाचा चारा उतरवून घेतलेला असतो. हे झाड म्हणजे खेजडी. महाराष्ट्रात तिलाच शमी किंवा सौंदड म्हणतात. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे ठेवली ती हीच, असे परंपरा सांगते. 1983 पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे.

या झाडांविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती कोणी लावलेली नाहीत. गुराढोरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी शेतात पडले, एखाद्या पावसाळ्यात कोंब वर आला आणि नांगर धरणाऱ्या माणसाने बैल थोडे बाजूला घेतले. पुढच्या वर्षीही घेतले. अशी दहा-पंधरा वर्षे गेल्यावर शेतात एक झाड उभे राहिले. शेतकऱ्याने केलेले काम एवढेच, की त्याने एक गोष्ट केली नाही. वनशास्त्राच्या बहुतेक नोंदींत वृक्षलागवडीसाठी रकाना असतो; या न करण्यासाठी नसतो. खासगी जमिनीवरील झाडांचा आजचा प्रश्न त्या रिकाम्या रकान्याशी येऊन थांबतो.

खेजडी शेतात राखली गेली ती केवळ श्रद्धेने नव्हे. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 मध्ये या झाडांसाठी अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी प्राण दिले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. पण जयपूरपासून जैसलमेरपर्यंतच्या सर्व शेतांतील सर्व खेजड्या राखण्यामागे एक रोकडा हिशेबही होता. हिचे सोटमूळ अतिशय खोल जाते, त्यामुळे वरच्या थरातील ओलाव्यासाठी बाजरीशी तिची फारशी झटापट होत नाही. पाने बारीक असल्याने सावली विरळ पडते. ती शेंगवर्गातील असल्याने मुळांवरील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत आणते, आणि तिच्याखालची माती मोकळ्या शेतातील मातीपेक्षा अधिक सकस असते. पाल्याला तिकडे लूंग म्हणतात, शेंगांना सांगरी. छाटलेल्या फांद्यांचे सरपण होते, काट्यांचे कुंपण. पाऊस रुसला आणि बाजरी गेली तरी लूंग मिळते. दुष्काळी प्रदेशात विम्याचा शोध लागण्यापूर्वीचा हा विमा होता.

या विम्याचा हप्ताही मोजलेला आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतील, म्हणजे काझरीतील, 1960च्या दशकातल्या निरीक्षणांनुसार पूर्ण वाढलेल्या झाडाचा सर्व पाला उतरवला तर वर्षाला सुमारे 60 किलो हिरवा चारा मिळतो. खालचा दोन-तृतीयांश भागच उतरवला तर सुमारे 30 किलो आणि खालचा एक-तृतीयांशच घेतला तर सुमारे 20 किलो. पूर्ण छाटणीत आज तिप्पट हाती पडते. पण छाटलेले झाड त्या हंगामात शेंगा धरत नाही, आणि दरवर्षी संपूर्ण छाटले जाणारे झाड स्वतःच्या वाढीसाठी फारसे काही शिल्लक ठेवू शकत नाही. मुद्दल आणि व्याज यांतील फरक खेजडी राखणाऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आता बातमीकडे वळू. मे 2024 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात कोपनहेगन विद्यापीठातील मार्टिन ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. उपग्रहचित्रे आणि यंत्रशिक्षण वापरून त्यांनी भारतातील शेतांमधली सुमारे 60 कोटी झाडे एकेक करून नकाशावर आणली. 2010-11 मध्ये दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे 11 टक्के 2018 पर्यंत नाहीशी झाली होती. त्यानंतर 2018 ते 2022 या काळात आणखी 50 लाखांहून अधिक मोठी झाडे गेली. मध्य भारतात, विशेषतः तेलंगण आणि महाराष्ट्रात, काही ठिकाणी तर अशी निम्मी झाडे गेल्याचे आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय वन सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील वृक्षाच्छादन 1,12,014 चौरस किलोमीटर म्हणजे भूभागाच्या 3.41 टक्के आहे आणि 2021 च्या तुलनेत ते 1,289 चौरस किलोमीटरने वाढले आहे.

एक अहवाल झाडे वाढली म्हणतो, दुसरा गेली म्हणतो. समाजमाध्यमांवर अशा वेळी एकाला खोटे ठरवण्याची घाई होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी विचारावे, की दोघांनी मोजले काय? वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादन-नकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांतील एक चौकट साधारण 23.5 मीटर बाजूची, म्हणजे सुमारे 550 चौरस मीटरची असते. नाहीशा झालेल्या झाडांचा पर्णसंभार सरासरी 67 चौरस मीटर होता; असे एकटे झाड त्या चौकटीचा जेमतेम आठवा भाग व्यापते. म्हणून एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे आणि सुटी झाडे यांचा अंदाज सर्वेक्षण नमुना-पद्धतीने वेगळा काढते. तो अंदाज एकूण क्षेत्राचा असतो. त्यात बांधावरचे नवे निलगिरी, नवी फळबाग आणि जुने कडुनिंब एकाच बेरजेत जातात. कोपनहेगनच्या गटाने केवळ गेलेली मोठी झाडे मोजली; नव्याने आलेली त्यांतून वजा केली नाहीत. एकाने खात्यातील शिल्लक पाहिली, दुसऱ्याने खात्यातून काढलेली रक्कम. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

पण दोन्ही खरे असतील, तर त्यातून निघणारे अनुमान अस्वस्थ करणारे आहे. देशाच्या शेतांतील जुन्या झाडांची जागा तरुण झाडे घेत आहेत, आणि हा विनिमय समान मूल्याचा नाही. सात वर्षांत तोडायचे झाड आणि सत्तर वर्षे चारा देणारे झाड हिरव्या रंगाच्या नकाशावर सारखेच दिसते.

शिवाय गळतीचा खरा वेग उशिरा दिसतो. समजा, एका शिवारात 100 खेजड्या आहेत आणि प्रत्येकीचे आयुष्य सुमारे 100 वर्षे आहे. शिवार कायम राहायचे तर दरवर्षी सरासरी एक मरेल आणि एक नवी तगली पाहिजे. आता नवी येणे थांबले असे धरा. पहिल्या दहा वर्षांत मोजणाऱ्याला 90 झाडे दिसतील. शिवार भरलेलेच वाटेल. वास्तविक ते पहिल्याच वर्षी संपण्याच्या मार्गाला लागलेले असते. राजस्थानात हे उदाहरण नुसते कागदावरचे नाही. बैल बाजूला घेता येत होते. ट्रॅक्टरचा फाळ बोटभर कोंबासाठी वळत नाही. कोंब नांगरटीत जातो आणि जुन्या झाडांची वरची मुळे तुटतात. दुबळ्या झालेल्या झाडांत मूळ पोखरणारी अळी आणि गॅनोडर्मा ही बुरशी शिरते. दुसरीकडे पाणी खाली चालले आहे. राजस्थानात दरवर्षी जमिनीत जेवढे उपलब्ध होते त्याच्या जवळपास दीडपट पाणी उपसले जाते.

या सगळ्यात जमीनमालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. कूपनलिका आली, एका पिकाची दोन झाली, दावणीतल्या जनावरांना विकतचा चारा मिळू लागला. ज्या झाडाने दुष्काळात घर तारले ते आता भर शेतात ट्रॅक्टरला अडथळा आहे. जयपूरच्या वेशीवर तर शेताचे भूखंड पडत आहेत, आणि भूखंडाच्या आखणीत मधोमध उभे असलेले झाड कोणालाच नको असते. झाडाने दिलेली सावली, नत्र आणि धरून ठेवलेली माती यांचा लाभ साऱ्या शिवाराला होतो; त्याची किंमत मात्र एकटा खातेदार मोजतो. भांडण शेतकरी आणि निसर्ग यांच्यात नाही, या विषम वाटणीत आहे.

कायद्याने आजवर या वाटणीकडे पाहिले ते प्रामुख्याने बंदीच्या चष्म्यातून. राजस्थानात 1955 च्या काश्तकारी कायद्यानुसार, तर महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आपल्याच शेतातील ठरावीक झाडे तोडण्यासाठी परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा, पण शेतकऱ्याच्या मनात त्याचा अनुवाद वेगळाच होतो. मोठे झाले की ज्याच्यावर आपला हक्क उरत नाही ते झाड रोप असतानाच उपटलेले बरे! ही अडचण ओळखून 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला, आणि जून 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. त्यांत राष्ट्रीय संकेतस्थळावर लागवडीची नोंद करावी, जमिनीचे स्थान, जात, रोपांची संख्या आणि लावल्याचा महिना-वर्ष द्यावे, म्हणजे पुढे तोडणी सुलभ होईल, अशी योजना आहे.

सागवान किंवा पॉपलर लावणाऱ्यासाठी हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण खेजडीच्या मालकाने लावल्याचा महिना-वर्ष कोणते लिहावे? त्याच्या आजोबांनी बैल बाजूला घेतले त्या पावसाळ्याची तारीख कोणत्याही जमाबंदीत नाही. तोडण्यासाठी लावलेल्या झाडाला व्यवस्थेत जागा मिळाली. राखलेल्या झाडाला अद्याप नाही.

अशी जागा करता येते हे आफ्रिकेतील नायजरने दाखवले आहे. तेथे पूर्वी शेतातील झाड शासनाच्या मालकीचे समजले जाई. 1980च्या दशकापासून ही पकड सैल झाली, आपण राखलेले झाड आपलेच असा विश्वास शेतकऱ्यांना आला, आणि त्यांनी नांगरटीत येणारे फुटवे राखायला सुरुवात केली. रोपवाटिकांवाचून सुमारे 50 लाख हेक्टर शेतजमीन पुन्हा झाडांखाली आली. त्यांत बहुसंख्य ठिकाणी जे झाड आहे तेही खेजडीसारखेच शेंगवर्गातील, खोल मुळांचे आणि पाल्याचा चारा देणारे आहे. त्या झाडांनाही लावल्याची तारीख नव्हती.

आज उपग्रह शेतातील एकेक झाड ओळखू शकतो. म्हणजे राखलेल्या झाडाची नोंद घेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य राहिलेले नाही. खोडाचा घेर आणि पर्णसंभार मोजून, तारखेशिवायही, ते खातेदाराच्या नावे लिहिता येईल. ते उभे ठेवल्याबद्दल त्याला काही देता येईल. आणि दोन-चार कोवळे कोंब राखणाऱ्याला जुने वठलेले झाड काढण्याची मोकळीक देता येईल. यातील काहीच नवलाचे नाही. त्यासाठी फक्त अर्जातील प्रश्न बदलावा लागेल: ‘किती लावलीत?’ यासोबत ‘किती राखलीत?’ असेही विचारावे लागेल.