४.२१ सेकंदांचा प्रश्न

२५ एप्रिल २०२४च्या रात्री आमच्या शेजारच्या काकांनी सोफ्यावरून उडी मारली. वय सत्तरच्या पुढे आणि एक गुडघा बदललेला, त्यामुळे उडी म्हणण्यापेक्षा ते जरा जोरात उभे राहिले म्हणू. टीव्हीवर एनएफएलचा ड्राफ्ट चालू होता. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना ३२ संघ आळीपाळीने निवडतात, तो सोहळा. आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सनी बफेलो बिल्सबरोबर अदलाबदल करून चार क्रमांक वर सरकून घेतलं आणि २८व्या क्रमांकावर झेवियर वर्दी नावाच्या पोराला उचललं.

"दोन वर्षं बोंबलतोय मी," काका म्हणाले. "या टीमला वेगवान रिसीव्हर हवेत. घे, मिळाला!"

वर्दीने त्याआधी दोनच महिने इंडियानापोलिसमधल्या चाचणीत ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.२१ सेकंदांत पळून दाखवले होते. त्या चाचणीतला हा विक्रम. हे वाक्य वाचून होईपर्यंत तो पळून झालेला असतो.

मी ओव्हरलँड पार्कमध्ये राहते. कॅन्सस सिटीचं हे उपनगर, इथे आयटीतली आपली माणसं भरपूर. काकांना समोर मी नावाने हाक मारते, इथे तशीच पद्धत आहे. पण पहिल्या हिवाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी उतरली आणि हा माणूस उणे तापमानात केबल घेऊन खाली आला, तेव्हापासून मनात ते काकाच आहेत. त्यांच्या घरी दर रविवारी मॅच बघत बघत मी हा खेळ शिकले.

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेली धक्काबुक्की वाटते, त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. मैदानाच्या दोन्ही कडांना उभे असलेले वाईड रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतात. मधे पाच आडदांड माणसं समोरच्यांना थोपवून धरतात, म्हणजे क्वार्टरबॅकला फेकायला वेळ मिळतो. वेळ म्हणजे किती? अडीच-तीन सेकंद.

काकांचं दुःख होतं टायरिक हिल. मैदानावर दुसरा कुणी इतका वेगवान नसेल, असा हा रिसीव्हर. मार्च २०२२मध्ये चीफ्सनी त्याला मायामी डॉल्फिन्सना देऊन टाकलं आणि बदल्यात ड्राफ्टमधल्या पाच निवडी घेतल्या. मायामीने त्याच्याशी चार वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा असते. त्यामुळे एकाला एवढे दिले की बाकीच्यांच्या ताटात कमी पडतं. चीफ्सनी हिशोब केला. काकांनी तो कधीच मान्य केला नाही.

आणि मग झालं काय? हिल गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात चीफ्सनी लीगमधले सर्वाधिक ४९६ गुण केले आणि सुपर बोल जिंकला. फेब्रुवारी २०२३मधल्या त्या फायनलच्या शेवटच्या क्वार्टरमधले दोन टचडाउन मी कितीतरी वेळा पाहिलेत. दोन्ही वेळा रिसीव्हर कडेकडून आत पळायला लागतो, त्याच्यावरचा बचावपटू त्याच्याबरोबर आत खेचला जातो आणि ऐन वेळी हा गिरकी घेऊन आल्या वाटेने परत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आधी कडारियस टोनी, मग दुसऱ्या बाजूला स्काय मूर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मराठीत ओरडले, "हूल दिली!"

कारण हे मला माहीत होतं. सांगलीजवळच्या आमच्या शाळेत मी सहा वर्षं खो-खो खेळले. संघात सगळ्यात हळू पळणारी मीच. पण खो-खोत पाठलाग करणारीला एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, आणि पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही निसटू शकते. समोरचीला चुकीच्या दिशेला एक पाऊल टाकायला लावलं की झालं. सर म्हणायचे, "पळून पळून किती पळशील? तिला फसव." मी फसवायचे. आमच्यातली सगळ्यात वेगवान मुलगी कित्येकदा माझ्याआधी बाद व्हायची, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद व्हायचा.

त्यामुळे काकांशी वाद घालताना मी कायम हळू पळणाऱ्यांच्या बाजूने. माझं लाडकं उदाहरण २०१७चं. त्या वर्षीच्या चाचणीत जॉन रॉस ४.२२ सेकंदांत पळाला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच चाचणीत कूपर कप ४.६२ सेकंदांत पळाला आणि त्याची निवड झाली ६९वी. दोघांत तीन-चार मीटरचं अंतर. रॉसला दुखापतींनी छळलं आणि एकाही हंगामात तो हजार यार्डांच्या जवळपास पोचला नाही. कपने २०२१च्या एका हंगामात १,९४७ यार्ड काढले, आणि सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. काका यावर फक्त "हं" म्हणायचे.

मी जिंकले, असं मला वाटत होतं. मग आला २०२३चा हंगाम.

त्या वर्षी चीफ्सचे गुण ४९६वरून ३७१वर घसरले. त्यात चेंडू हातातून सुटणं होतंच; ईगल्सविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंगच्या हातात पडलेला विजय निसटला, आणि तो तर चांगला वेगवान गडी. पण काकांनी मला दुसरी एक गोष्ट दाखवली. त्यांनी हिलच्या काळातली एक जुनी मॅच लावली आणि टीव्ही थांबवला. "चेंडू बघू नकोस. मागचे दोघे बघ."

मागचे दोघे म्हणजे सेफ्टी, बचावाची शेवटची फळी. हिल नुसता पळायला लागला की ते दोघे मागे मागे जात होते. चेंडू त्याच्याकडे येणारच नव्हता, तरीही. आणि त्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेत ट्रॅव्हिस केल्सी, काही फार वेगवान नसलेला माणूस, आरामात उभा राहून झेल घेत होता. मग काकांनी त्या वर्षीची मॅच लावली. सेफ्टी पुढे सरकलेले, मधे गर्दी, आणि केल्सीला दोन माणसं चिकटलेली.

"वेग झेलासाठी नसतो," काका म्हणाले. "तो भीतीसाठी असतो. एक घाबरवतो, बाकीचे जेवतात."

मी गप्प बसले. त्यांना माहीत नव्हतं की हे वाक्य मला ऑफिसमध्ये लागू पडत होतं.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. मी ज्या कामाला आठवडा घ्यायचे ते तो दोन दिवसांत उरकायचा. त्याचा कोड मी तपासायचे, त्यातल्या चुका काढायचे, रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की उठायचे, आणि मनातल्या मनात त्याच्यावर चिडायचे. खो-खोतल्या त्या मुलीवर चिडायचे तसंच. तो दुसरीकडे गेला तेव्हा मला हायसं वाटलं. आणि मग कळलं, की ग्राहकांना दर पंधरवड्याला दाखवायला त्याचं काहीतरी नवीन असायचं म्हणून माझ्या आठवड्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. तो गेल्यावर सगळ्यांच्या नजरा पुढे सरकल्या. माझ्या वार्षिक आढाव्यात मॅनेजरने लिहिलं: दर्जा उत्तम, वेग अपुरा.

इथे हे दोन शब्द साधे नसतात. माझ्यासारखी व्हिसावर असलेली माणसं नोकरी गेल्यावर ६० दिवसांत दुसरी शोधतात, नाहीतर सामान बांधतात. त्या रात्री मी आईला फोन केला आणि हवामानाबद्दल बोलले.

२०२४च्या हंगामात वर्दी आला, आणि मीही वेग वाढवायच्या मागे लागले. रात्री जागायचे, टेस्ट कमी लिहायचे, तपासणीत डोळे मिटून होकार द्यायचे. आकडे सुधारले. चीफ्सचेही १५ विजय, दोन पराभव. दोघांचंही बरं चाललंय असं दिसत होतं. पण चीफ्सच्या त्या पाच थोपवणाऱ्यांमध्ये डाव्या टोकाची जागा हंगामभर डळमळीत होती. शेवटी आतल्या बाजूला खेळणाऱ्या जो थुनीला तिथे नेऊन उभं केलं. सामने जिंकत होते, म्हणून कुणी फार बोलत नव्हतं. माझ्या टेस्टबद्दलही कुणी बोलत नव्हतं.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. सुपर बोल, समोर ईगल्स. ईगल्सनी जादा माणसं न पाठवता, फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा चेंडूसकट आडवं केलं. मध्यंतराला २४–०. नंतर ३४–०. काका सोफ्यावर, हातातली चिलीची वाटी गार झालेली.

मग वर्दी पळाला. त्या दिवशी त्याने आठ झेल, १५७ यार्ड आणि दोन टचडाउन काढले. शेवटचा तर ५० यार्डांचा. डोळ्यांचं पारणं फिटावं असं पळणं. पण पहिला टचडाउन झाला तेव्हाच ३४–६ झालं होतं. निकाल ४०–२२.

तो वेगवान होता, दोन वर्षं काका मागत होते तसाच. फक्त लांबवर पळायला त्याला तीन सेकंद हवे होते आणि मागे माहोम्सजवळ ते नव्हते. ते सेकंद त्या पाच जणांनी मिळवून द्यायचे असतात.

आमच्या वादात आम्ही दोघंही अर्धेच बरोबर होतो. मी म्हणायचे वेग नको, हूल पुरे. पण घाबरवणारं कुणी नसलं की हूलही कुणी खात नाही. काका म्हणायचे वेग आणा, बाकी आपोआप होईल. पण वेगाला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर उभा असतो. चीफ्सना वेगवान रिसीव्हर हवा होता का? हो, २०२३मध्ये हवा होता. फेब्रुवारी २०२५मध्ये हवी होती ती दुसरीच माणसं.

त्या सोमवारी मी ऑफिसला गेले आणि मॅनेजरकडे अर्धा तास मागितला. सहा महिन्यांत आमच्या सिस्टीममध्ये मध्यरात्री किती वेळा काय बंद पडलं आणि त्यातलं किती, मी टेस्ट गाळल्यामुळे, याची यादी समोर ठेवली. हात थरथरत होते, कारण त्यात माझ्या चुका माझ्याच हाताने लिहिलेल्या होत्या. म्हटलं, मी वेगवान नाही आणि होणारही नाही. मी थोपवून धरते. तुम्ही पळणारा एक आणा, मी त्याला वेळ मिळवून देईन. तो "बघू" म्हणाला. अजून बघतोच आहे.

२४ एप्रिल २०२५ला पुन्हा ड्राफ्ट. पहिल्या फेरीत, ३२व्या क्रमांकावर चीफ्सनी जॉश सिमन्सला निवडलं. ओहायो स्टेटचा, थोपवणाऱ्यांच्या फळीतला टोकाचा गडी. काका या वेळी उठले नाहीत. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"वेगवान आहे का?" मी मुद्दाम विचारलं.

"गप्प बस," ते म्हणाले, आणि चिप्सचा बाऊल माझ्याकडे सरकवला.

हल्ली मॅच बघताना मी चेंडू बघत नाही, त्या पाच जणांचे पाय बघते. त्यामुळे टचडाउन झाला की सगळे ओरडतात आणि काका हमखास विचारतात, "पाहिलंस?" मला खोटं बोलावं लागतं.