वकील नको, पण कागद कळायला हवा

घटस्फोटाचा अर्ज मी वकील न लावता चालवला. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या वस्तीत याला धाडस म्हणतात, पण ते धाडस नाही, कायद्यालाच तसं अपेक्षित होतं. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 चं कलम 13 सांगतं की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायाधीशांना गरज वाटली तर ते कायदेतज्ज्ञाची मदत घेऊ शकतात. आधी समेटाचा प्रयत्न करायचा, पुराव्याच्या तांत्रिक नियमांत अडकून पडायचं नाही, दोघांपैकी कुणीही मागितलं तर सुनावणी बंद दाराआड घ्यायची, ही सगळी रचना नवरा-बायकोने आपल्या तोंडाने बोलावं म्हणूनच केलेली आहे. अनुभवाअंती माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याने वकिलाचा हक्क काढला, पण कागद समजावून सांगण्याचं जे काम तो करत होता, ते करायला त्या जागी कुणाला बसवलं नाही. न्यायाधीशांसमोर बोलणं जमून जातं. अडतं ते त्याआधी, लिहिण्यापाशी.

पोटगीच्या प्रकरणात द्यावं लागणारं उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्रच बघा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात 2013 साली मागितलेल्या अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात 2020 पर्यंत रेंगाळला, आणि त्या निकालाने देशभरासाठी या शपथपत्राचा नमुना घालून दिला. पगार, बँक खाती, विमा, कर्जाचे हप्ते, मुलांची फी असे त्यात रकाने आहेत. आता आमच्याकडची बाई घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावते, नगावर पैसे घेते, तेही रोख. पगाराच्या रकान्यात तिने काय लिहायचं? त्याच निकालात म्हटलंय की दारिद्र्यरेषेखालच्या किंवा मोलमजुरी करणाऱ्या पक्षकारांना या शपथपत्रातून सूट आहे. हे तिला सांगणार कोण? त्यात इथलं कामकाज गुजरातीत चालतं. खानदेशातून आलेल्यांच्या इथे वाढलेल्या मुलांना गुजराती वाचता येतं, पण जळगाव-नंदुरबारहून लग्न होऊन थेट इकडे आलेल्या बाईचं गुजराती बाजारहाटापुरतं असतं. पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, ती सही करते, तेव्हा मजकूर दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, मग वकीलच करावा. जिथे मारहाण झाली आहे, मुलांच्या ताब्यावरून ओढाताण आहे किंवा समोरचा कमाई लपवतोय, तिथे मीही तेच सांगेन. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्चही मागता येतो. पण परस्पर संमतीने, कलम 13ब खाली जाणाऱ्या जोडप्यात भांडण उरलेलं नसतं. अर्ज, अटी आणि ओळखीचे कागद एवढंच काम असतं. सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं. फक्त एक विसरू नये. संमतीने झालेल्या हुकुमावर कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे अपील होत नाही. कायमची पोटगी सोडल्याचं एक वाक्य नकळत लिहून गेलं, तर ते मागे घेणं फार अवघड. म्हणूनच मदत निकालानंतर मिळून उपयोग नाही, ती अर्ज लिहितानाच हवी.

दुसरा आक्षेप घरातल्या थोरांचा असतो: कोर्टाची पायरी कशाला, चार पंच बसवा, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी करा. हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 रूढीने होणारा घटस्फोट मान्य करतं हे खरं, पण तशी रूढी आपल्या जातीत आहे हे मोघम सांगून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही तर नोटरीच्या शिक्क्याला किंमत नाही, आणि दुसरं लग्न केलेला माणूस गुन्ह्यात सापडू शकतो. स्वस्तातली वाट पुढे बाईलाच महागात पडते. कायद्याची वाट या भागाला काही परकी नाही. शेजारचं नवसारी बडोदा संस्थानात होतं आणि सयाजीरावांच्या त्या संस्थानाने 1931 मध्येच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. न कळत्या वयात लावलेलं लग्न नाकारून 1884 पासून मुंबईच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या डॉ. रखमाबाईंनी पुढे अनेक वर्षं याच सुरतेत बायकांच्या दवाखान्यात काम केलं. त्यांना साथ द्यायला मुंबईत शिकलेली, वजनदार माणसं होती. यंत्रमागावरच्या कामगाराच्या बायकोला अशी माणसं कुठून मिळणार? विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित विधी स्वयंसेवकांची योजना आहेच. मराठी वाचता-लिहिता येणारा असा एक स्वयंसेवक न्यायालयाच्या आवारात रोज बसावा, आणि अर्जाचे, शपथपत्राचे छापील नमुने गुजरातीशेजारी मराठीतही ठेवावेत, एवढी मागणी इथल्या मराठी मंडळांनी लेखी करायला हवी.