गोठ्यातली माशी आणि गोदामाचा टायर

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या कपिलेनं चारा सोडला. अंग तापलं, नाकाडोळ्यांतून पाणी आणि पाठोपाठ मानेपासून कासेपर्यंत टणक गाठी. लम्पी! ऑगस्टात जळगावकडून कानावर येणारा आजार भिवंडी तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात शिरला होता. त्याच महिन्यात शासनानं सारं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, गुरांचे बाजार बंद झाले.

निरोगी गुरांना टोचायला आणलेली लस शेळ्यांच्या देवीची. लोक बिचकले. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून चालते. पण अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतील. तोवर माशा आवरा."

तेव्हा मी माशी पहिल्यांदा नीट पाहिली. दिसायला घरातल्यासारखीच, पण तोंडाला टोकदार सोंड. ती पायाला डसते, गाय पाय आपटते, माशी अर्ध्या पोटानं उठते आणि शेजारच्या गाईवर बसते. एकच सुई सगळ्यांना टोचावी तसंच हे. ती वाढते कुजक्या पेंढ्यात कालवलेल्या ओल्या शेणात. आम्ही भातवाले, पेंढ्याला आमच्याकडे काय तोटा!

लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नसते. तरी भीतीनं काहींनी रतीब तोडला. आणि त्याच पावसाळ्यात गल्लीत डेंग्यूचे रुग्ण होते, याची लम्पीशी सांगड कुणी घातली नाही. डेंग्यूचा एडिस डास लम्पीचा विषाणूही पोचवू शकतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. इथं महामार्गालगतची शेतं भरावाखाली जाऊन गोदामं झाली, ओहोळ बुजले, आवारात टायर आणि ताडपत्र्यांत पाणी साचतं, त्यातच हा डास वाढतो. धुराची गाडी वस्तीत फिरते, गोठ्याकडे वळत नाही. गुरांचं खातं वेगळं, माणसांचं वेगळं; डासाला मात्र असं काही वेगळं नसतं.

कपिला वाचली, दूध मात्र पूर्वीसारखं आलं नाही. शेजारच्या काकांचं वासरू गेलं. अशा वासरामागे शासनानं १६ हजारांची मदत ठरवली होती. काकू मात्र कितीतरी दिवस रिकाम्या दावणीकडे बघत नव्हत्या.

म्हणून सरपंचांना आणि गोदामवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे : मृगाआधी उकिरडे वस्तीपासून लांब न्या, टायर उचला आणि गोठा व घरं यांची फवारणी एकाच दिवशी करा.