शेजाऱ्याची पायली

मुल्ला नसरुद्दीन आणि त्याच्या शेजाऱ्याच्या पातेल्याची गोष्ट उर्दू शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. मुल्ला शेजाऱ्याकडून मोठं पातेलं उसनं आणतो. परत करताना त्यात एक छोटं पातेलं ठेवतो आणि सांगतो, "मुबारक हो, तुमचं पातेलं बाळंत झालं." शेजारी मुकाट्याने दोन्ही ठेवून घेतो. पुढच्या वेळी मुल्ला पातेलं नेतो ते परत करतच नाही. विचारल्यावर म्हणतो, "बिचारं वारलं." शेजारी भडकतो, "पातेलं कधी मरतं का?" मुल्ला शांतपणे विचारतो, "बाळंत झालं ते पटलं होतं ना?"

वर्ग हसतो. शेजाऱ्याचं नुकसान एका पातेल्याचं, तेही त्याच्या हावेमुळे. पण याच जातीची एक आदिवासी गोष्ट आहे, तिच्यात शेजाऱ्याचं घर जातं, जनावरं जातात आणि शेवटी जीवही जातो. तरीही ऐकणारे पोट धरून हसतात. मी मराठीच्या तासाला मुल्लाच्या मागोमाग ही दुसरी गोष्ट सांगतो. दोन्ही एकत्र ऐकल्या की शेजारधर्म या विषयावर निबंध लिहायला सांगावा लागत नाही, मुलं आपणहून बोलू लागतात.

ही गोष्ट संथाळांची. झारखंड-बंगालकडचा हा मोठा आदिवासी समाज. पी. ओ. बोडिंग या नॉर्वेच्या मिशनऱ्याने संथाळी भाषेत गोळा केलेल्या कथा सी. एच. बोम्पास यांनी १९०९ साली इंग्रजीत छापल्या, त्यांत ती आहे. तिचा नायक वीतभर उंचीचा. त्याची दाढी मात्र एक वीत आणि वर चार बोटं! बाप नाही, घरात फक्त आई, आणि दावणीला एकच म्हैस. शेजारी म्हणावे तर त्याचे काका. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गोष्ट भाऊबंदकीची.

वीतभर गडी म्हैस मारतो आणि तिचं कातडं विकायला निघतो. वाटेत रात्र होते म्हणून झाडावर चढून बसतो. खाली चोर येतात, लूट वाटू लागतात. हा वरून वाळलेलं कातडं सोडतो. त्या खडखडाटाने चोर पळतात, सोनं तिथेच राहतं. घरी येऊन हा आईला काकाकडे माप आणायला पाठवतो. आमच्या मराठवाड्यात आपण पायली म्हणू. माप परत जातं तेव्हा त्याच्या फटीत सोन्याचं एक नाणं अडकलेलं असतं. काका धावत येतो, "काय मोजत होतास रे?" हा सांगतो, "अमुक गावात म्हशीच्या कातड्याला असा भाव आला बघा!" काका घरी जाऊन आपल्या सगळ्या म्हशी कापतो. कातडी घेऊन बाजारात जातो, लोक त्याला वेड्यात काढतात.

चिडलेला काका पुतण्याचं घर जाळतो. पुतण्या राख पोत्यात भरतो, बाहेर जातो आणि काहीतरी शक्कल लढवून पैसे घेऊन परत येतो. सांगतो, "राखेला फार मागणी आहे." काका आपलं राहतं घर स्वतःच्या हाताने पेटवतो. इथे वर्गात बाकं वाजतात. शेवटी भाऊबंद त्याला पोत्यात बांधून नदीकडे नेतात. पोतं काठावर ठेवून जरा बाजूला जातात, तेवढ्यात एक गुराखी येतो. हा आतून ओरडतो, "माझं जबरदस्तीने लग्न लावतायत, मला नको!" गुराखी हरखतो, स्वतः पोत्यात शिरतो. पोतं नदीत जातं. हा मात्र गुरं हाकत गावात शिरतो आणि सांगतो, "पाण्याखाली ही एवढी जनावरं आहेत." मग काकाकडचे सगळे आपापली पोती शोधू लागतात.

लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरच्या गोष्टींना क्रमांक दिलेत, त्यात या प्रकाराचा क्रमांक १५३५. युरोपात अकराव्या शतकातली एक लॅटिन कविता हीच गोष्ट सांगते, तिच्या नावाचा अर्थ 'एकबैल्या'. हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३५ साली छोटा क्लाऊस आणि मोठा क्लाऊस यांच्या नावाने ती लिहिली. मापात नाणं चिकटण्याचा प्रसंग तर आपल्या ओळखीचा आहे. अलीबाबा सोनं मोजायला माप मागतो, तेव्हा कासिमची बायको मापाच्या तळाला चिकट काहीतरी लावून देते.

एवढ्या लांब गोष्टी कशा जातात, असं मुलांनी विचारलं की भोकरदनच्या शिक्षकाला उत्तरासाठी लांब जावं लागत नाही. आमचं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या स्तूपावर आहे. १९७३ मध्ये इथे झालेल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. हस्तिदंताची नाजूक मूर्ती समुद्रापार जाऊ शकते, तर गोष्टीला कुठे ओझं आहे!

हसून झाल्यावर मी मुलांना एकच प्रश्न विचारतो. भांडण सुरू कुणी केलं? मुल्लाच्या गोष्टीत डाव मुल्लाचा आहे, शेजारी घरी निवांत बसलेला होता. संथाळ गोष्टीत मात्र घर आधी गरिबाचं जळतं. त्याने काकाच्या एका काडीलाही हात लावलेला नाही. तो फक्त आपल्या नुकसानीला आमिष बनवतो. बाकी सगळं काका स्वतः करतो, म्हशी तोच कापतो आणि काडीही तोच ओढतो. गरिबाकडे सोनं असेल तर ते हेवा करण्याजोगं, हे समजू शकतं. पण काकाला त्याच्या राखेचाही हेवा वाटतो!

आणि ती पायली. गरिबाने माप मागितलं, हीच शेजाऱ्याला खटकलेली पहिली गोष्ट. याच्याकडे मोजण्यासारखं आलं कुठून? संथाळांच्या इतिहासात मापाला वेगळाच अर्थ आहे. त्यांच्या भागातले महाजन दोन मापं ठेवत. संथाळांकडून धान्य घ्यायचं मोठ्या मापाने, त्याचं नाव केनाराम. त्यांना द्यायचं लहान मापाने, त्याचं नाव बेचाराम. कर्ज कधी फिटायचं नाही. १८५५ मध्ये सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांनी जो 'हूल' म्हणजे उठाव केला, त्यामागे हा मापातला खोटेपणाही होता. प्रत्यक्षात लबाड होता तो माप राखणारा. गोष्टीत ते माप वीतभर गड्याच्या हाती येतं आणि पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलतं.

आपल्या महाराष्ट्रात मापाऐवजी कागद होता. शहादा-तळोद्याकडच्या भिल्लांच्या जमिनी कर्जापायी आणि अंगठ्यापायी शेजारच्या मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या लढ्याने तो प्रश्न ऐरणीवर आला. १९७४ मध्ये आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदा झाला. ज्याला सातबारा वाचता येत नाही, त्याने शेजाऱ्याला कुठे हरवायचं? गोष्टीत. हे दुःख आपल्यापासून दूरचं आहे असं माझ्या वाचकांनी समजू नये. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. हमसाया हा उर्दू शब्द फार सुंदर आहे, एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. पण ती सावली कुणाच्या झाडाची, आणि ते झाड कुणाच्या बांधावर, यावरच भांडणं होतात.

इथवर मला गोष्ट नीट कळली आहे असं वाटायचं. लबाड तो खरा शोषित, त्याचं हसणं न्यायाचं. मग एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वो गुराखी का क्या हुवा?" विचारणाऱ्याच्या घरी शेळ्या होत्या, शाळा सुटली की तो त्या चारायला न्यायचा. वर्ग गप्प झाला. गुराख्याने कुणाचं घर जाळलं नव्हतं, कुणाच्या पायलीत डोकावलं नव्हतं. तो वाटेने चालला होता. काका आणि पुतण्या यांच्या भांडणात बुडाला तो आणि गोष्टीत त्याला साधं नावही नाही. सगळी गंमत त्याच्यावरून पाय देऊन पुढे जाते.

मी मुलांना शेवट बदलून लिहायला सांगितला. बहुतेकांनी गुराख्याला पोहायला शिकवलं. एकाने पोत्याला भोक पाडलं. एका मुलीने लिहिलं की दुसऱ्या दिवशी गुराख्याची म्हातारी आई वीतभर गड्याच्या दारात आली आणि म्हणाली, "ही गुरं माझ्या लेकाची. लेक कुठंय?" प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेल्या त्या माणसाला तेव्हा काही सुचलं नाही, असं तिने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

२०२३ पासून आमचा जालना जिल्हा आरक्षणाच्या आंदोलनांमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. आधी अंतरवाली सराटीला उपोषण, पुढच्या वर्षी जवळच वडीगोद्रीला दुसरं, पहिल्याच्या विरोधातलं. कुणाची मागणी किती रास्त, हे ठरवायला मी बसलेलो नाही. दोन्हीकडे शेतीने पिचलेली माणसं आहेत आणि त्यांची पोरं माझ्यासमोर बसतात. मला दिसतं ते एवढंच, की वर्षानुवर्षं एकमेकांकडून ताक-विरजण नेणारी घरं आता एकमेकांच्या पायलीत किती नाणी अडकलीत ते तपासू लागली आहेत. त्यांना मिळालं, आम्हाला का नाही? आणि जे मिळालं म्हणतात, ते कित्येकदा राखच असते: चार जागा, आणि चाळीस हजार अर्ज.

अशा वेळी वीतभर गड्याची गोष्ट सांगावी आणि खुशाल हसावं. धाकट्याने थोरल्याला चकवलं की बरं वाटतं, ते वाटणं खोटं नाही. फक्त गोष्ट संपली की नदीच्या काठावर एकदा मागे वळून पाहावं. भांडणारे दोघे आपल्याला नावानिशी माहीत असतात. पोत्यात कोण आहे, ते विचारावं लागतं.