घरच्या खाटेवरचे रक्तसंक्रमण

रक्तसंक्रमण, म्हणजे एकाचे रक्त किंवा त्यातील घटक दुसऱ्याच्या शिरेतून देणे, ही क्रिया वरवर पाहता सलाईन लावण्याइतकीच साधी भासते. मात्र तिचे कौशल्य शीर सापडल्यानंतर सुरू होते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात निवडक रुग्णांना प्रशिक्षित परिचारिका घरी जाऊन रक्त देतात. थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसे तयार होऊ न देणाऱ्या आनुवंशिक विकारात, दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. अशा मुलाचे नशिराबादमधील आईवडील पुन्हापुन्हा जळगावला जाण्याऐवजी हेच घरी व्हावे अशी इच्छा करतील, तर ती स्वाभाविकच होय.

या इच्छेपुढची पहिली अडचण तापमानाची आहे. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, आणि बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू होऊन चार तासांत संपावी लागते. खानदेशात वैशाखाचा पारा कधीकधी ४५ अंशांवर जातो, त्यामुळे शीतपेटीवाचून तिला घराची वाट धरता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या जीवन अमृत सेवेत १०४ क्रमांकावर मागणी नोंदवल्यावर ४० किलोमीटरच्या परिघात मोटारसायकलवरून असे रक्त पोहोचवले जाई. अंतर व उष्मा यांवर उपाय होता, असे यावरून दिसते. तरीही ते रक्त रुग्णालयातच उतरत असे.

त्याचे कारण पडताळणीत सापडते. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटतो, पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही; म्हणून दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच, केली जाते. जुळवणी अचूक असली तरी नमुन्यावरचे नाव चुकले की सारे व्यर्थ ठरते, आणि एकाच नावाचे अनेक पाटील असलेल्या गावात तर नोंदणी क्रमांकावाचून ओळख पटत नाही. घरी एकच रुग्ण असल्याने खाट चुकण्याचे भय उरत नाही, परंतु पिशवीवरचा मजकूर पुन्हा वाचणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्तीही तेथे नसते.

पहिली पंधरा मिनिटे धार मंद ठेवून ताप, नाडी व रक्तदाब पाहिले जातात. थंडी वाजली, कंबर दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्त तत्काळ थांबवून नव्या नळीने सलाईन सुरू करावे लागते आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावे लागतात. कावीळ वा गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनंतरही उमटू शकतात, तेव्हा ती ओळखण्याचे काम घरच्यांकडेच येते. हे सारे पाहता नशिराबादसारख्या ठिकाणी अधिक योग्य रचना गावाजवळच्या रुग्णालयात दिवसभरासाठी खाट देण्याची आहे. घरी रक्त द्यायचेच असेल, तर प्रशिक्षित परिचारिका, तातडीची औषधे आणि बोलावताच येणारे वाहन ही तिन्ही पिशवीच्या आधी तेथे पोहोचली पाहिजेत.