फुगवट्याची माती

मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा ठरविण्यासाठी गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघा अंमलदारांनी 1847 साली जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यातील प्रतबंदीचे कोष्टक माझ्या नोकरीच्या काळात इतक्या वेळा माझ्या डोळ्यांखालून गेले आहे की, त्याच्या नवही प्रती मला अजून क्रमाने सांगता येतील. पहिल्या प्रतीची जमीन सोळा आण्यांची आणि नवव्या प्रतीची दोन आण्यांची. पहिलीत बसायचे तर माती बारीक व एकजिनसी पोताची, काळ्याभोर ते गडद तपकिरी रंगाची आणि पावणेदोन हात खोल असली पाहिजे, अशी त्या साहेबांची अट. त्याशिवाय त्यांनी सात दोष गणले होते, प्रत्येकाला एक खूण ठरवून दिली होती, आणि शेताच्या नकाशावर अशी एक खूण पडली की जमीन एक प्रत खाली उतरत असे. चुनखडीच्या खड्यांची भेसळ, वाळूची भेसळ, उतार, कणाकणांत धर नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली सापडण्याचा संभव आणि झऱ्यांची अतिरिक्त ओल, असे ते सात दोष.

या कोष्टकाबद्दल मला आदर आहे. रसायनशाळा नसताना केवळ कुदळ, हातभर काठी आणि अनुभवी कारकुनाची बोटे यांच्या बळावर अख्ख्या इलाख्याची माती तोलण्याचा तो उद्योग सामान्य नव्हता. परंतु सांगली, मिरज आणि शिरोळ या भागांत कृष्णेच्या काठाने मातीची पाहणी करीत हिंडताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, ज्या चिकण मातीला हे कोष्टक सोळा आणे बहाल करते, तिच्याच अंगावर ते पाणी न मुरण्याची आणि वाहत्या पाण्याची अशा दोन खुणाही मारते, आणि यात विसंगती असेल तर ती कोष्टकाची आहे, मातीची नव्हे. कारण नदीकाठच्या भारी मातीत गुण आणि दोष अशा दोन वेगळ्या वस्तू नसतातच. पाणी थांबले म्हणून ती माती झाली, आणि तीच पुढे पाण्याला थांबवून धरते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी पुराकडे जावे लागते. कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरी पाच मीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि सांगलीला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. म्हणजे कोरड्या मुलखात येणारा हा महापूर परक्या पावसाचा असतो आणि त्याच्याबरोबर येणारा गाळही घाटमाथ्याच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून निघालेला असतो. हरिपुराला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळाल्यावर हे पाणी पात्रात मावत नाही. काठ ओलांडताच त्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की हातातले ओझे ते जडापासून हलक्याकडे अशा क्रमाने खाली ठेवू लागते. स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे कण पाण्यात बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा वाळूचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला चारपाच सेकंद घेईल, पन्नासाव्या भागाएवढा पोयट्याचा कण पाचएक मिनिटे घेईल, आणि पाचशेव्या भागाएवढ्या चिकण कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे आठ तास लागतील. आठ तास निश्चल राहणारे पाणी नदीच्या धारेत कोठून मिळणार? म्हणून वाळू पात्रात आणि काठावर राहते, तिच्या मागे मळईचा भुसभुशीत पोयटा पडतो, ज्यात कृष्णाकाठची नावाजलेली वांगी पिकतात, आणि चिकण कण मात्र अधांतरी तरंगत पुढे निघून जातात.

ते कोठे जातात, हे नकाशा पाहून कळत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळते. कृष्णेचे पाणी पुष्कळशा रानांत समोरून येतच नाही. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे उलटे वाहू लागतात, आणि काठापासून दूर, सखल भागातल्या शेतांत पाणी मागच्या दाराने, अगदी आवाज न करता चढते. या फुगवट्याच्या पाण्याला ओढ नसते. ते दिवसेंदिवस तुंबून राहते, आणि त्या सवडीत सर्वांत बारीक कण एकावर एक असे सावकाश बसत जातात. माझ्या पाहणीत सर्वांत भारी, सर्वांत खोल काळी बहुधा अशाच ओढ्यांच्या पोटाशी निघाली, प्रत्यक्ष नदीच्या काठाशी क्वचितच.

आमच्या धंद्यात मातीचा पोत ठरविण्याची पद्धत दोन प्रकारची. एक प्रयोगशाळेची: माती रसायन घालून रात्रभर घुसळायची, लिटरभर पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडायची, आणि घड्याळ लावून ठरावीक खोलीवरचे पाणी शोषून घेऊन त्यात किती कण उरले ते तोलायचे, म्हणजे नदीने जे फुगवट्यात केले तेच टेबलावर करायचे. दुसरी पद्धत हाताची, आणि माझा जीव हिच्यावर अधिक. चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये रेटत पुढे ढकलली की तिची पट्टी निघते. पोयट्याची पट्टी नखाएवढी होते न होते तोच तुटते. चिकण मातीची बोटभर लांब निघून आपल्या भाराने वाकते, पण सुटत नाही. चाकूने ढेकूळ कापले तर कापलेली बाजू चकाकते. आणि तरीही संशय राहिला तर माती दाताखाली घ्यावी. वाळू कचकचते, पोयट्याची किरकिर दातांना जाणवते, आणि निव्वळ चिकण माती लोण्यासारखी मुकाट विरते. नव्या उमेदवारांना हे शिकविताना त्यांची तोंडे वेडीवाकडी होत. तथापि जिभेची ही परीक्षा एकदा साधली की ती विसरत नाही.

खड्डा घेतल्याशिवाय मात्र या मातीचे अंतरंग कळत नाही. दीडदोन मीटर खोल खड्ड्यात उतरून भिंत सुरीच्या टोकाने उकलू लागले की तिरपे, गुळगुळीत, घोटून काढल्यासारखे चकाकते पृष्ठभाग हाती लागतात. पाषाण झिजून या मुलखात जे चिकण खनिज तयार होते, त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरू शकते, आणि पाणी शिरले की ते फुगते, सुकले की आक्रसते. वर्षानुवर्षे मातीचे जाडजूड तुकडे फुगताना एकमेकांवरून रेटले गेल्याची साक्ष ते चकाकते पृष्ठभाग देतात. या खनिजाच्या एका ग्रॅमचे आतबाहेरचे मिळून क्षेत्रफळ सातशे ते आठशे चौरस मीटर भरते, म्हणजे आपल्या हिशेबाने चिमटीतल्या कणांत सात-आठ गुंठे रान सामावलेले असते. त्या एवढ्या पृष्ठावर चुना, पालाश आणि पाणी धरून ठेवले जाते, म्हणून पाऊस संपल्यावर केवळ पोटातल्या ओलीवर शाळू पोसतो. पण धरलेले सर्वच पाणी पिकाला मिळत नाही, हे शहरी माणसाला सहसा पटत नाही. मुठीत गार आणि ओलसर लागणाऱ्या या मातीत पीक माना टाकून उभे असते, कारण उरलेली ओल कणांनी इतकी घट्ट धरलेली असते की मुळांची ताकद तेथे चालत नाही.

उन्हाळ्यात तीच जमीन उलते. भेगा हात जाईल इतक्या रुंद आणि कित्येकदा मीटरभर खोल असतात. वळवाचा पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघट खाली उतरतो, आणि नवख्याला वाटते की ही माती पाण्याची किती भुकेली आहे. पुढे ती फुगून भेगा मिटल्या की तासाला मिलिमीटरभर पाणीही आत घ्यायला ती राजी नसते. मुंबई इलाख्याच्या कारकुनाने कोणत्या महिन्यात पाहणी केली, यावर पाणी न मुरण्याचा दोष लागायचा की नाही हे ठरले असावे, असा मला दाट संशय आहे.

या दोन टोकांच्या मध्ये जो अवधी असतो त्याला आपले शेतकरी वाफसा म्हणतात. हलक्या रानात वाफसा आठवडा-आठवडा टिकतो, आणि तेथे शेतकऱ्याचे कसब दिसून येत नाही. फुगवट्याच्या काळ्या रानात तो दोनतीन दिवसांवर टिकत नाही, आणि एकाच शेतात सखल कोपरा चिखलात असताना वरची बाजू टणक होऊ लागलेली असते. शिरोळकडचे एक वृद्ध शेतकरी बांधावर उभे राहून अनवाणी टाच मातीत दाबून पाहत होते, मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "सायेब, काल आला असता तर पाय रुतला असता. उद्या याल तर फाळ मोडंल. आजचा दिस हाय बघा." ओल्या काळीत नांगर घातला तर तासाच्या दोन्ही बाजूंना तकतकीत लेप बसतो आणि त्याखाली हवा जात नाही. उलट रब्बीत भेगा पडू लागण्याच्या बेतात कोळपे फिरवून वरची माती भुसभुशीत केली, तर भेगांची तोंडे बुजून आतली ओल राहते. आता ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि त्याचा फेरा मालकाच्या सोयीने ठरतो. टाच दाबून पाहणाऱ्याला त्या वेळापत्रकात स्थान नाही, आणि माझ्या मते या मातीचे अलीकडच्या काळातील निम्मे नुकसान तेथे झाले आहे.

उरलेले पुराने झाले म्हणावे, तर तेही सरसकट खरे नाही. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर गावोगाव पंचनामे झाले, आणि सरकारी निकषाप्रमाणे तीन इंचांहून जाड वाळू वा गाळ साचलेल्या क्षेत्राला तो काढून टाकण्यासाठी मदत मिळू शकते. मदतीबद्दल माझी तक्रार नाही. उसाच्या पोंग्यात गाळ बसून कोंब कुजलेले मी पाहिले आहे. परंतु निकष जाडी मोजतो, पोत मोजत नाही. तीन इंच वाळू पडली तर ते शेताचे खरेच नुकसान. तीन इंच पोयटा भारी रानावर पडला तर त्याच्यावर वाफसा येताच नांगर घालून तो खालच्या काळीत मिसळून द्यावा, काढून बांधाबाहेर टाकू नये. आणि फुगवट्याची चिकण साय नुसती दोन बोटे असली तरी ती सुकेपर्यंत खालची मुळे गुदमरतात. एकाच शब्दाखाली तलाठ्याच्या कागदात येणारे हे तीन वेगळे पदार्थ आहेत.

शेवटी क्षारांविषयी. डाव्या नीरा कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास सुटले, आणि 1910 साली हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अभ्यास लिहावा लागला. पंचवीस वर्षांत हा प्रकार झाला. कृष्णाकाठी उपसा सिंचन आणि ऊस आल्यावर त्याचीच पुनरावृत्ती झाली. मोकाट पाण्याने भूजल वर चढते, काळी माती ते केसागत बारीक छिद्रांतून पृष्ठापर्यंत ओढते, पाणी उडून जाते आणि मीठ राहते. पुढे त्यात सोडियम वाढला की चिकण कण एकमेकांना सोडून विखुरतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीवर उतावळेपणाने नुसते गोडे पाणी सोडून मीठ धुऊ पाहणारा माणूस ती अधिकच घट्ट करतो. आधी जिप्समने चुना पुरवावा, सोडियम सुटा करावा, मग धुवावे, आणि धुतलेले पाणी निघून जाण्यासाठी मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या टाकाव्यात. भारी मातीत त्या नळ्या हलक्या रानापेक्षा जवळजवळ लागतात, आणि खर्च ऐकून शेतकरी गप्प होतो.

नळ्यांचा आराखडा माझ्यापुढे आला की मी अंतरे आणि व्यास नंतर पाहतो. आधी त्या कोणत्या ओढ्यात सोडल्या आहेत, त्या ओढ्याचा तळ उन्हाळ्यात किती खोल असतो, त्यात कोणी बांध घातला आहे काय, आणि नदी फुगली की पाणी नळीच्या तोंडापर्यंत किती दिवस राहते, हे विचारतो. ज्या वाटेने ती माती आली, त्याच वाटेने तिचे पाणी बाहेर जायचे आहे. तोंडाला झडप नसेल तर पहिल्याच पुरात गाळ नळीत शिरतो. कित्येक गावांत ओढ्याचा निम्मा भाग अतिक्रमणाने बुजलेला असतो, आणि तेथे मी नळ्यांची शिफारस करीत नाही. आधी मोजणी करून ओढ्याची हद्द मोकळी करा, एवढेच शेऱ्यात लिहितो.